अंगठ्याएवढी केबल

आमच्या घरात कपडे दोन प्रकारचे असत. भोकं पडलेले आणि भोकं पडायचे राहिलेले. बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून बाबांचं बॅटरीचं आणि मोटारींच्या वायरिंगचं दुकान होतं, आणि त्याच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो. मधलं दार कधी बंद नसे. त्यामुळे बॅटरीतलं ॲसिड कुठल्या ना कुठल्या वाटेने घरात यायचंच. बाबांच्या बाहीवरून टॉवेलला, टॉवेलवरून आयच्या पदराला, आणि धुतलेलं लुगडं दोरीवर टाकलं की त्यातून ऊन ठिपक्याठिपक्यांनी जमिनीवर पडायचं. आय म्हणायची, "माकुणसारच्या वाडीत एवढी वर्षं चिखलात काम केलं, पण लुगड्याला भोक नाय पडलं कधी." बाबा हसायचे आणि हात पुसायला पुन्हा तोच टॉवेल घ्यायचे. माझी कॉलेजची एकुलती एक चांगली ओढणी अशीच गेली. तिच्यावर मी दोन दिवस रडले होते, आज ते आठवलं तरी हसू येतं.

आवाज म्हणाल तर चार्जरचा. सकाळी सातला बाबा तो लावायचे आणि संध्याकाळपर्यंत तो एका सुरात गुणगुणत असायचा. आम्ही त्याच्यावर आवाज चढवून बोलायला शिकलो, आणि अजूनही मी शांत खोलीत ओरडूनच बोलते, असं माझी भाचरं सांगतात. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचे भोंगे झाले की रस्ता सायकलींनी भरायचा, मग पुन्हा रिकामा. दुपारी किनाऱ्यावरच्या दांडी गावाहून एक मावशी मासळीची टोपली घेऊन यायची. ओले बोंबील असले की आय दुसरं काही ऐकून घेत नसे. बोंबलाचं भुजणं, तांदळाची भाकरी, आणि शेवग्याची शेंग मिळाली तर तीही त्यात. बाबा जेवायला बसताना हात राखेने घासायचे, मग साबणाने, मग पुन्हा राखेने, तरी भाकरीच्या पहिल्या घासाला शिशाचा वास यायचा. निदान मला यायचा. आय म्हणायची, तुझ्या नाकाचे चोचले.

मी दुकानात कधी शिरले ते मला नेमकं सांगता येणार नाही. कॉलेजची दोन वर्षं झाली, पुढे मन लागेना, आणि बाबांना कुणीतरी हाताखाली हवंच होतं. आधी मी नुसती डिस्टिल्ड पाणी भरायचे. मग टर्मिनलवरची पांढरी बुरशी सोड्याने धुवायला लागले, मग हेडलाइटच्या तारा, मग डायनॅमो. गिऱ्हाईक आलं की बाबा मला आत पाठवत नसत, हे त्यांचं मोठेपण. गिऱ्हाईक मात्र माझ्याकडे बघून बाबांनाच विचारायचं, "तुम्ही स्वतः बघणार ना?" बाबा म्हणायचे, "बघतो ना," आणि त्याची पाठ वळली की पाना माझ्या हातात द्यायचे.

आयला हे पटत नव्हतं, आणि तिचं चुकतही नव्हतं. तिच्या माहेरच्या नात्यातला एक जण वसाहतीतल्या औषधाच्या कारखान्यात होता. त्याने पॅकिंग खात्यात माझ्यासाठी जागा बघून ठेवली होती. स्वच्छ पांढरा झगा, डोक्याला टोपी, न्यायला-आणायला बस. "आणि कपड्याला एक भोक नाय," आय म्हणाली. सोमवारी हजर व्हायचं होतं. मी नाही म्हटलं. आम्ही दोघी आठवडाभर एकमेकींशी भांड्यांच्या आवाजातून बोलत होतो. शेवटी बुधवारी जेवताना आय म्हणाली, "मी आडवी नाय येत. पण बाबांनी हात न लावता, एक गाडी एकटीने करून दाखव. उगीच स्कूटरबिटर नको, नीट मोठी गाडी. ती चालली तर राहा इथेच, ॲसिडात. नाय चालली तर सोमवारी गुमान बसमधे बसायचं." बाबा मान खाली घालून जेवत होते. ते म्हणाले, "बापूकाकांची गाडी येतेय उद्या."

ते ऐकलं आणि मी हातातला घास ताटात परत ठेवला. बापूकाका वाणगावचे. मिरची आणि चिकूची वाडी, लग्न केलं नाही, आणि सगळी माया एका मोटारीवर. ती विलायती मोटार त्यांच्या वडिलांनी कुणा साहेबाकडून घेतली होती, आणि त्या काळीसुद्धा ती जुनी म्हणूनच ओळखली जायची. ती सहा व्होल्टची होती. तेव्हा सगळ्या मोटारी बारा व्होल्टच्या झालेल्या. सगळे मेकॅनिक त्यांना सांगून थकले, बाराची करून घ्या. बापूकाकांचं उत्तर ठरलेलं, "माझे दात पडले म्हणून मी कुत्र्याचे बसवत नाही." बरं, गाडी कुणी बघितली की नवीन काहीतरी बिघडवून ठेवायचं. शेवटच्या मेकॅनिकने बॅटरीची जुनी केबल काढून बारा व्होल्टच्या गाडीला घालतात तसली बारीक घातली. तेव्हापासून गाडी सकाळी कशीबशी सुरू व्हायची, पण तापल्यावर बंद केली की संपलं. सेल्फ मारला की ती बाळंतिणीसारखी कण्हायची आणि थांबायची. वाणगावच्या रेल्वे फाटकात तिला ढकलायला माणसं जमत. बापूकाका आत बसून सगळ्यांना शिव्या देत.

गुरुवारी सकाळी बापूकाका गाडी ठेवून गेले. शुक्रवारी येतो म्हणाले. माझ्याकडे बघून बाबांना विचारलं, "तूच करणार ना रे?" बाबा म्हणाले, "करतो ना." ते गेले आणि तासाभरात माकुणसारहून निरोप आला, माझ्या चुलत्यांच्या विहिरीवरचा पंप जळला, पानवेली सुकायला लागल्यात, या. हे खरं होतं की बाबांनी मागवून घेतलं होतं, देव जाणे. चप्पल घालता घालता ते एवढंच बोलले, "सहाची हाय. अंगठ्याएवढी घाल."

हे मला सविस्तर सांगायला हवं, कारण आमच्या दुकानाची मापं दुसरीकडे कुणाला कळायची नाहीत. बाबा केबल बोटांनी मोजायचे. करंगळीएवढी स्कूटरला, मधल्या बोटाएवढी मोटारीला, अंगठ्याएवढी ट्रकला. केबल हातात धरायची, शेजारी बोट लावायचं, झालं. आकड्यांचा तक्ता भिंतीवर होता, पण त्याच्यावर कॅलेंडर टांगलेलं. सहा व्होल्टची मोटार दिसायला लहान असली तरी तिला ट्रकची केबल लागते, हे मला त्यांनी वाडीच्या भाषेत सांगून ठेवलं होतं. पाटाला उतार कमी असेल तर तेवढंच पाणी न्यायला पाट रुंद लागतो. सहा व्होल्ट म्हणजे उतार निम्मा. पाट अरुंद ठेवला तर पाणी शेवटच्या झाडापर्यंत जातच नाही, आणि सेल्फची मोटर हे शेवटचं झाड. त्यात ह्या गाडीची बॅटरी ड्रायव्हरच्या पायाखाली, म्हणजे पाट लांबही.

अंगठ्याएवढी केबल दुकानात नव्हती. मी भंगारवाल्याकडे गेले. वसाहतीतल्या कारखान्यांमधून निघालेल्या वेल्डिंगच्या केबली त्याच्याकडे ढिगाने पडलेल्या असत. त्याने दोन-तीन वेटोळी पुढे ओढली. मी प्रत्येकीला अंगठा लावून बघितला. एक जाडजूड होती, माझ्या अंगठ्यापेक्षाही दांडगी, आणि वळता वळत नव्हती. मी ती बाजूला सारली. दुसरी अगदी बरोब्बर अंगठ्याएवढी. भंगारवाला म्हणाला, "दीदी, मोटावाला ले जाओ, अच्छा माल है." मी त्याला म्हटलं, "माप मालूम है मेरेको." काय तो रुबाब! वीस वर्षांच्या पोरीला एवढी घमेंड शोभून दिसते, म्हणून मी स्वतःला माफ करून टाकलं आहे.

काम मात्र मी जीव ओतून केलं. केबलची टोकं सोलली, तारा उजळेपर्यंत घासल्या, थिंबलमध्ये, म्हणजे टोकाला बसते त्या तांब्याच्या टोपीत, शिसं वितळवून तार त्यात बुडवली आणि गार होईपर्यंत श्वास रोखून धरून राहिले, कारण गार होताना हात हलला तर जोड मरतो. चेसिसवर जिथे अर्थिंगची पट्टी बसते तिथला गंज पॉलिश पेपरने काढून लोखंड चकचकीत केलं. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने सगळ्याला गंज चढतो, आणि निम्मे लोक केबल बदलतात पण गंज तसाच ठेवतात. आय दोनदा दारात येऊन उभी राहिली. पहिल्यांदा नुसती बघून गेली. दुसऱ्यांदा म्हणाली, "जेवून तरी घे, मग जळ." तीन वाजता मी सेल्फ मारला. गाडी एका झटक्यात सुरू झाली. मी एकटीच दुकानात ओरडले. आयने आतून विचारलं, "भाजलं का काय?"

बाबा पाचच्या सुमाराला आले. केबल बघितली. शेजारी अंगठा लावला नाही, हे आज माझ्या लक्षात येतं, तेव्हा आलं नाही. त्यांनी गाडी सुरू करून अर्धा तास चालू ठेवली, बंद केली, आणि लागोपाठ चार-पाच वेळा सेल्फ मारला. शेवटच्या दोन वेळा ती थोडी रेंगाळली असं मला वाटलं. मग त्यांनी वाकून केबलला हात लावला आणि तसाच थोडा वेळ ठेवला. "जोड सुरेख झालेत," ते म्हणाले. "अर्थिंग तर माझ्यापेक्षा चांगलं केलंस." मला एवढंच ऐकायचं होतं. मी जेवले आणि मेल्यासारखी झोपले.

शुक्रवारी उजाडताना उठून दुकानात आले तर माझ्या केबलवर या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी कापडी पट्टी गुंडाळलेली. थिंबलसकट. माझे ते चकचकीत जोड, एकही दिसत नव्हता. बाबा ओट्यावर चहा पीत बसले होते. मी विचारलं, हे कशाला? ते म्हणाले, "बापूंच्या वाडीत उंदीर फार. रबर खातात. दोन-तीन थर मारलेत." मला राग आला. काम माझं, आणि शेवटचा हात यांचा, तोही न विचारता. वर आयची अट अशी की बाबांचा हात लागता कामा नये. मी आयकडे तक्रार करायला वळले तर ती चुलीशी पाठमोरी बसलेली. तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना हळद थापलेली होती. "तवा लागला," ती म्हणाली. "पट्टी मारली तर मारली. पट्टीने गाडी चालते काय? तुझीच हाय गाडी. बघू आता चालते का." आपल्या परीक्षेत परीक्षकच आपल्या बाजूने बोलतोय हे कळण्याएवढी अक्कल मला तेव्हा नव्हती.

दहा वाजता बापूकाका आले. आय म्हणाली, मीपण येते. ती मोटारीत बसायची म्हणून लुगडं बदलून आली, बिनभोकांचं. बाबा दुकानातच थांबले. बापूकाका गाडी चालवत होते, मी शेजारी, आय मागे एकटी, दोन्ही हात मांडीवर ठेवून. वाणगावपर्यंत बापूकाका इंजिनच्या आवाजालाच कान लावून होते. रेल्वे फाटक बंद होतं. इंजिन तापून सगळीकडे वास सुटलेला. फाटकाशी उभी असलेली माणसं ही गाडी बघून आपणहून मागे यायला लागली, ढकलायची सवयच झालेली. बापूकाकांनी किल्ली फिरवून गाडी बंद केली. मालगाडी होती, संपता संपेना. माझे डबे मोजून झाले, बोटं मोडून झाली. पांढरा झगा, टोपी आणि बस, सगळं मला डोळ्यांसमोर स्वच्छ दिसत होतं. फाटक उघडलं. मागून कुणीतरी विचारलं, "मारू का धक्का, काका?"

बापूकाकांनी सेल्फ मारला. गाडी सुरू झाली. इतक्या चटकन, की ते स्वतःच दचकले आणि त्यांनी ती पुन्हा बंद केली. मागून हॉर्न वाजायला लागले. त्यांनी पुन्हा सेल्फ मारला, पुन्हा सुरू. मग त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून ढकलायला आलेल्यांना भर फाटकात सांगितलं, "घरी जा रे! पोरीने केलीय गाडी!" आयुष्यात मला पुढे दोन-तीन सत्कार मिळाले, शाली घरात पडून आहेत. पण सत्कार म्हणाल तर तोच. मी मागे वळून बघितलं तर आय खिडकीबाहेर बघत होती. ती म्हणाली, "कारखान्यात मी कळवते. नाय येत म्हणून."

त्यानंतर मी दुसरं काही केलं नाही. बाबा थकले तसं दुकान माझ्याकडे आलं, मग पाटीवर माझं नाव आलं. ट्रक, ट्रॅक्टर, दांडीच्या होड्यांच्या बॅटऱ्या, आता तर रिक्षासुद्धा विजेवरच्या. आणि ही फाटकाची गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल त्याला गणतीच नाही. प्रत्येक वेळी थोडं मीठ जास्त पडायचं. "पहिलीच मोठी केबल, आणि माप अचूक," हे शेवटचं वाक्य. बाबा तिथे असले तर मी त्यांना डिवचायचे, "आणि यांनी उंदरांच्या भीतीने पट्टी गुंडाळली!" बाबा मिश्किल हसायचे. त्या गाडीचं एरवीचं काम मात्र ते मला करू देत नसत. दिवाळीच्या आधी स्वतः वाणगावला जाऊन बॅटरीत पाणी घालून यायचे. म्हणायचे, "चालत्या गाडीला दहा हात कशाला?" पुढे बापूकाका गेले, गाडी त्यांच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली राहिली. मग बाबाही गेले.

गेल्या महिन्यात बापूकाकांचा नातू ती गाडी टेम्पोवर घालून माझ्या दारात घेऊन आला. म्हणजे पुतण्याचा मुलगा. जुन्या मोटारींचा त्याला नाद. त्याला ती सहा व्होल्टचीच ठेवायची आहे, हे ऐकून मला तो लगेच आवडला. "मावशी, केबल बदलूनच टाका, फार जुनी झाली," तो म्हणाला. मी त्याला ऐटीत गोष्ट सांगितली, फाटकासकट. मग ब्लेडने पट्टी चिरली. कापड वाळून कडक झालेलं, कवचासारखं निघालं.

आत दोन केबली होत्या. एक माझी. तिला चिकटून शेजारी दुसरी, माझ्याच वेटोळ्यातल्या उरलेल्या तुकड्याची, तेवढीच जाड, पहिल्यापासून शेवटापर्यंत जोडीने नेलेली, आणि दोन्ही टोकांना दोघी मिळून एकाच मोठ्या थिंबलमध्ये बसवलेल्या. माझी काढून तिच्या जागी एकच जाड घालणं सोपं होतं, निम्म्या वेळात झालं असतं. मी तिथेच स्टुलावर बसले. माझ्या केबलचं टोक कापून बघितलं. रबरच रबर, आतलं तांबं जेमतेम. शेजारी अंगठा लावला. आता माझी बोटं बाबांसारखी झाली आहेत, सांधे सुजलेले, नखं रुंद. अंगठ्यापुढे ती केबल पोरीच्या करंगळीसारखी दिसली. बाबांनी "अंगठ्याएवढी" सांगितलं ते त्यांच्या अंगठ्याचं, आणि मी माप घेतलं ते माझ्या. भंगारवाला बरोबर सांगत होता. चाळीस वर्षं मी लोकांना सांगत आले ते माप साफ चुकलेलं होतं. मला लाज वाटली आणि बाबांचा राग आला, आणि ते समोर नाहीत याचा त्याहून जास्त. त्या मुलाच्या गाडीला मी नवी केबल घातली, सत्तर चौरस मिलिमीटरची, तक्ता बघून. जुन्या केबलींची जोडी त्याच्याकडून मागून घेतली.

ती पिशवीत घालून मी मागच्या खोलीत आयकडे गेले. आय आता ऐंशीच्या पुढे आहे. ऐकू बरं येतं, डोळ्यांनी कमी दिसतं. ती वाल सोलत बसली होती. मी ती जोडी तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हटलं, "बापूकाकांच्या गाडीतलं निघालं. एक माझी, एक बाबांची. तुझ्या अटीत त्यांनी लबाडी केली होती, आय."

तिने दोन्ही केबलींवरून हात फिरवला, थिंबलपाशी थांबली, आणि तिथल्या शिशाच्या ओघळावर नखाने टकटक केलं. मग उजव्या हाताची दोन बोटं माझ्यापुढे धरली. त्यांच्यावर तो जुना पांढुरका डाग आहे, तव्याचा म्हणून मी आयुष्यभर बघत आले तो.

"एकट्याला दोन केबली धरून शिसं ओतता येतं काय?" आय म्हणाली. "त्याने ओतलं, मी धरून बसले. हात हलवायचा नाय बोलला, म्हणून भाजलं तरी नाय हलवला."

मी म्हटलं, "पण तुला तर मी कारखान्यात गेलेली हवी होते."

"हवी होतीसच," ती म्हणाली आणि पुन्हा वाल सोलायला लागली. "पण तो मला पहाटे उठवून बोलला, पोरीने सगळं चोख केलंय, फक्त तिचा अंगठा अजून लहान हाय. मी बोलले, मग तेवढ्यासाठी काय तिला घालवायची? अंगठा काय, वाढेल."

मी माझा हात तिच्या हातात दिला. तिने अंगठा चाचपून बघितला, सांध्यापासून नखापर्यंत, सावकाश.

"वाढला," ती म्हणाली.